एस्टीम १३०० ट्रॅकसाठी: ७५०० आरपीएमला बिग एंडला (रॉडच्या मोठ्या टोकाच्या बेअरिंगला) तेल पुरत नाही, क्रँक क्रॉस-ड्रिल करावी का?

घाटमाथा_१३००

नमस्कार मंडळी. गाडी एस्टीम, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह. आता फक्त ट्रॅकवर चालते. कॅम आणि मॅप बदलून आरपीएमचा लिमिटर ६५०० वरून ७५०० वर नेलाय. कोइम्बतूरच्या ट्रॅकवर दिवसभर चालवल्यावर फिल्टर कापून पाहिला, तर कागदाच्या घड्यांत बारीक चमचम. चेंबर (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) उतरवलं. २ आणि ३ नंबरच्या रॉडच्या मेटलवर (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या, म्हणजेच शेल) राखाडी थर जाऊन तांबूस रंग दिसतोय. १ आणि ४ त्यामानाने बऱ्या. मेन बेअरिंग (क्रँक ब्लॉकमध्ये फिरते तिथली) जवळपास नवी वाटतात.

ऑइल प्रेशर गेजची आकडेवारी: गरम आयडलला १ किलो, सरळ रस्त्यावर ६००० च्या वर ४ किलो, तिथेच स्थिर. लांब उजव्या वळणावर मात्र १.५ ते २ पर्यंत पडतो, वळण संपलं की परत ४. तेल २०डब्ल्यू-५०. तेलाचं तापमान दाखवणारं मीटर नाही.

क्रँक भोसरीला ग्राइंडिंगला जायच्या आधी हे ठरवायचंय:
१. मेनच्या खालच्या शेललाही खाच पाडून पूर्ण ३६० अंशांची करणे
२. क्रँक क्रॉस-ड्रिल करणे, म्हणजे तेलासाठी मेनमध्ये आरपार भोक पाडणे
३. रिलीफ व्हॉल्व्हच्या (जादा प्रेशर सोडून देतो तो) स्प्रिंगमागे दोन वॉशर टाकून प्रेशर वाढवणे
४. तेल आणखी जाड, २०डब्ल्यू-६०

यातलं काय करू, काय नको?

मायक्रॉन

चारही नको. सविस्तर नंतर लिहितो, आधी दोन गोष्टी सांगा. रॉडची मेटल जास्त झिजलीय ती वरची, म्हणजे रॉडच्या बाजूची, की खालची, कॅपच्या बाजूची? आणि क्रँकच्या भोकात सायकलचा स्पोक घालून पाहा: मेन जर्नलमधून (क्रँकचा मेन बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) शिरून थेट पिनला (रॉड बसतो तो भाग) निघतो, की मेनमध्ये आरपारही जातो?

घाटमाथा_१३००

कॅपच्या बाजूची जास्त, रॉडच्या बाजूची थोडी. झीज पट्टीच्या मधोमध आहे, कडांना नाही. स्पोक मेनमधून तिरका शिरून थेट पिनला निघतो, आरपार काही नाही.

मायक्रॉन

छान, यातून बरंच कळलं.

रॉडच्या बाजूची मेटल स्फोटाचा दाब झेलते. तीच जास्त गेली असती तर आधी नॉकिंग आणि इग्निशन टायमिंग तपासायला सांगितलं असतं. कॅपची बाजू पिस्टनला वरून खाली ओढण्याचा ताण झेलते, आणि हा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ६५०० वरून ७५०० म्हणजे सुमारे ३३ टक्के जास्त. कडांना झीज असती तर वाकलेला रॉड किंवा टेपर जर्नलचा संशय घेतला असता. बारीक उभ्या रेघा असत्या तर कचऱ्याचा. तुमच्याकडे झीज मधोमध, मेन ठीक, आणि वळणावर गेज पडतो. याचा अर्थ ताण सगळ्यात जास्त असतानाच पिनपर्यंत तेलाऐवजी हवा पोचतेय.

आता तुमचे मुद्दे क्रमाने.

पूर्ण खाच. खालची मेन शेल गुळगुळीत असते ती मुद्दाम. सुझुकीचं मॅन्युअलही खाचवाली शेल ब्लॉकमध्ये आणि बिनखाचेची कॅपमध्ये बसवायला सांगतं. क्रँक पंपाच्या ४ किलोवर तरंगत नाही. फिरताना ती तेलाची पाचर स्वतः तयार करते, आणि त्या पाचरीतला दाब शेकडो बारमध्ये असतो. पट्टीच्या मधून खाच गेली की एका रुंद बेअरिंगच्या दोन अरुंद पट्ट्या होतात. अरुंद बेअरिंगची वजन पेलण्याची ताकद रुंदीच्या घनाने बदलते, म्हणजे निम्म्या रुंदीच्या दोन पट्ट्या मिळून जेमतेम चौथा हिस्सा पेलतात. शिवाय खाच चालू ठेवायला तेल जास्त वाहून जातं. आज तुमची मेन ठीक आहेत. खाच पाडली की तीही जातील.

क्रॉस-ड्रिल. कल्पना वाईट नाही. मेनमध्ये आरपार भोक असलं की एक ना एक तोंड कायम वरच्या खाचेसमोर असतं, त्यामुळे पिनला पुरवठा खंडित होत नाही. अडचण अशी की ते तेल क्रँकच्या मध्यातून जातं, आणि फिरणारी क्रँक त्याला बाहेर ढकलत असते. तुमचं मेन जर्नल ४५ मिमी. ७५०० आरपीएमला त्याच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला साधारण १७.७ मीटर. तेलाची घनता ८५० धरली तर पृष्ठभागापासून मध्यापर्यंत पोचायलाच सुमारे १.३ बार खर्ची पडतात. सरळ रस्त्यावर ४ किलो असताना ते परवडतं. वळणावर गेज १.५ दाखवतो तेव्हा पिनसाठी उरतं किती? तिरकं थेट भोक बहुधा मध्याला शिवतच नाही आणि त्याला पिनकडचा उतार लवकर लागतो, त्यामुळे पुढे तोच बाहेर फेकणारा जोर तेल पिनकडे ओढतो. तुमच्या क्रँकला जे आहे तेच बरं आहे. त्याला हात लावू नका.

वॉशर. गेज ६००० ला ४ वर येऊन थांबतोय, याचा अर्थ रिलीफ उघडलाय आणि पंप गरजेपेक्षा जास्त तेल देतोय. वॉशर टाकले तर सरळ रस्त्यावर आकडा वाढेल. वळणावर स्ट्रेनर (पंपाची तेल ओढणारी जाळी) हवा ओढतोय, तिथे स्प्रिंग काय करणार? प्रेशर वाढलं की इंजिनची ताकद जाते ही भीतीही फारशी खरी नाही. मिनिटाला ३० लिटर, ४ बारला, म्हणजे अवघे २०० वॉट. खरा धोका पंपाच्या गिअरांना आणि फिल्टरच्या डब्याला असतो. १ मिमीचा एक वॉशर टाकून साडेचारवर नेलं तर चालेल, पण ते सगळ्यात शेवटी.

तेलाविषयी खाली कुणीतरी लिहीलच, नाहीतर मी लिहितो.

ग्राइंडिंगला क्रँक जातेच आहे, तर पैसे कुठे लागू पडतील ते सांगतो.

सर्वात आधी भोकं जुळतात का ते पाहा. मेनच्या वरच्या शेल ब्लॉकमध्ये बसवा, पोटातून टॉर्च मारा आणि शेलच्या भोकातून ब्लॉकचं भोक किती दिसतं ते बघा. बऱ्याचदा पूर्ण गोल दिसतच नाही, चतुर्थीच्या चंद्रासारखी कोर दिसते. ६ मिमीची दोन भोकं एकमेकांपासून २ मिमी सरकलेली असली तर उघडी जागा ५८ टक्केच उरते. शेलच्या भोकातून मार्करने ब्लॉकवर खूण करा, शेल काढा आणि ब्लॉकच्या भोकाचं तोंड डाय ग्राइंडरच्या बारीक बरने खुणेपर्यंत लांबट करा. हे काम खाचेच्या रुंदीच्या आतच राहू द्या, नाहीतर शेलच्या पाठीचा आधार जातो. शेल कापू नका.

मग क्रँकची भोकं. ०.२५ अंडरसाइझला ग्राइंड केली की भोकाच्या तोंडाची मूळ गोलाई निघून जाते आणि धारदार कड राहते. ती कड मेटल खरवडते. कारागिराला स्पष्ट सांगा: रबरी पॉइंटने ०.५ ते १ मिमीची गोलाई द्या, नाळकं (तोंडाशी रुंद खळगा) करू नका. मोठं नाळकं केलं की तेवढा भार पेलणारा पृष्ठभाग कमी होतो. जर्नलच्या कोपऱ्यांची गोलाईही मूळचीच ठेवायला सांगा, नाहीतर क्रँक तिथूनच तडकते. पॉलिशनंतर खरखरीतपणा ०.२५ मायक्रॉन आर-ए किंवा कमी. लंबगोलपणा आणि टेपर ०.०१ मिमीच्या आत.

आणि क्लिअरन्स, म्हणजे मेटल आणि जर्नल यांच्यातली फट, मिमीमध्ये. तेल बेअरिंगच्या कडेने जे गळतं ते क्लिअरन्सच्या घनाने वाढतं. ०.०४० चं ०.०५० केलं की गळती जवळपास दुप्पट. पंपाकडून तेल आधी मेनला येतं, तिथून उरलेलं रॉडला. म्हणून मेन सैल आणि रॉड घट्ट ही सगळ्यात वाईट जोडी. मेन ०.०३० ते ०.०३८, रॉड ०.०४० ते ०.०४८, असं ठेवा. सुझुकीच्या स्टँडर्ड मेन शेल रंगांवर येतात: हिरवी सगळ्यात पातळ, मग काळी, बिनरंगी, पिवळी, आणि निळी सगळ्यात जाड. एका पायरीला जाडी ३ मायक्रॉनने बदलते, म्हणजे दोन्ही शेल एक पायरी बदलल्या की क्लिअरन्स ६ मायक्रॉनने सरकतो. मेन जर्नल मापात असतील तर मेन ग्राइंड करूच नका, फक्त पॉलिश करा आणि नाना पेठेत रंग सांगून शेल मागा. ग्राइंडिंग फक्त पिनचं.

लेथ_आणि_चहा

मायक्रॉन साहेबांचं सगळं पटलं, फक्त रॉड ०.०४८ पर्यंत नको वाटतं. ४२ मिमीच्या पिनला ०.०३० पुरतं. उगाच सैल केलं तर सिग्नलला गरम आयडलवर दिवा लागतो.

मायक्रॉन

रोजच्या गाडीला तुमचं बरोबर. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकसाठी ०.०३० च ठेवा. पण ही गाडी ट्रॅकची आहे. ७५०० ला रॉडचं मोठं डोळं ओढलं जाऊन उभं लांबट होतं आणि जोडाच्या बाजूंनी आत येतं. तिथे क्लिअरन्स कमी पडला की मेटल कडेने तेल पुसून टाकते. दर इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) हा जुना ठोकताळा लावला तरी ४२ मिमीला ०.०४२ येतं. आयडलला १ किलोचं ०.८ झालं तर बिघडत नाही, आयडलवर भार नसतो.

मोजताना एक चूक सर्रास होते. शेल टोकांना मुद्दाम पातळ असते, म्हणून जोडाजवळ मोजलं की क्लिअरन्स जास्त दिसतो. कॅप पूर्ण टॉर्कला आवळा, बोअर गेज जोडापासून ९० अंशांत धरा, पिन मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजा आणि वजाबाकी करा. प्लास्टीगेज (दाबून फट मोजायचा मऊ धागा) पडताळणीला ठीक आहे, पाच-सहा मायक्रॉनचा निर्णय त्याच्यावर घेऊ नका.

लेथ_आणि_चहा

मान्य. ट्रॅकची आहे हे वाचूनही विसरलो.

चेंबरला_पॅकिंग

वर बेअरिंगवर भरपूर झालं, पण या गाडीचा रोग खाली आहे. क्रँकवर कितीही खर्च करा, स्ट्रेनर उघडा पडला तर तीच मेटल परत जाईल.

वळणावर बाजूचा जोर १ जी झाला की तेलाची पातळी ४५ अंशांत तिरकी होते. चांगल्या टायरवर ०.९ जी सहज मिळतं, म्हणजे ४२ अंश. उजव्या वळणावर तेल डाव्या भिंतीवर चढतं. इंजिनमध्ये साडेतीन लिटरच्या आसपास तेल, त्यातलं ७५०० ला बरंचसं वर हेडमध्ये आणि क्रँकभोवती उडत असतं. खाली उरतं त्यातलं अर्धं भिंतीवर. स्ट्रेनरला मग हवाच मिळणार.

करायचं काय:

स्ट्रेनरभोवती चार बाजूंनी १.५ मिमी पत्र्याच्या उभ्या भिंतींचा चौकोनी कप्पा बांधा. प्रत्येक भिंतीत तळाशी एक खिडकी, तिला आतल्या बाजूने बिजागरीवर लटकणारं झाकण. तेल आत ढकललं गेलं की झाकण उघडतं, बाहेर जाऊ लागलं की मिटतं. झाकणं हाताने हलवून पाहा, वेल्डिंगच्या थेंबाने एखादं अडकलेलं असतं. कप्प्यावर आडवी पट्टी टाका, म्हणजे तेल उसळून वर जाणार नाही. वेल्डिंग तुकड्यातुकड्याने करा. सलग केलं तर चेंबरची कड वाकते आणि मग पॅकिंग काही केल्या बसत नाही. वेल्डनंतर कड काचेवर किंवा सरळ पट्टीवर तपासा.

स्ट्रेनर आणि तळ यांच्यातलं अंतर ६ ते १० मिमी हवं. मोजायला सोपी युक्ती: स्ट्रेनरखाली तळावर शाडूची गोळी ठेवा, वर पातळ प्लॅस्टिक, पॅकिंगसकट चेंबर चार बोल्टांवर आवळा, उतरवा, दबलेली गोळी ब्लेडने कापून व्हर्नियरने मोजा. ६ पेक्षा कमी असेल तर तेल ओढायला त्रास आणि जास्त आरपीएमला पंपात बुडबुडे. १० पेक्षा जास्त असेल तर वळणावर लवकर उघडा पडणार. खालून दगड लागून चेपलेल्या चेंबरमध्ये हे अंतर २-३ मिमीही निघतं, आणि बाहेरून ते फारसं लक्षात येत नाही.

स्ट्रेनरच्या नळीच्या जोडातली ओ-रिंग नवीनच टाका. कडक झालेली ओ-रिंग तेल गळू देत नाही, पण हवा ओढू देते. खूण अशी: सरळ रस्त्यावरही आरपीएम वाढेल तशी गेजची सुई थरथरते.

क्रँक आणि तेल यांच्यामध्ये विंडेज ट्रे टाका. साधा जाळीदार पत्राही चालतो. क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, रॉडचे बोल्ट आणि ट्रे यांच्यात किमान ४ मिमी राहू द्या. ट्रे असेल तर तेल कमाल खुणेच्या वर अर्धा लिटर भरता येतं. ट्रेशिवाय भरू नका, क्रँक ते फेटून फेस करेल, आणि फेस पंपाला हवेसारखाच.

सिलिकॉन पॅकिंग कमी लावा हो! चेंबर आवळताना आत पिळून आलेली शेवई तुटते आणि थेट स्ट्रेनरच्या जाळीवर जाऊन बसते.

घाटमाथा_१३००

खूप आभार. कप्पा करून घेतो. तेलाचं काय मग? आणि तेल साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर लावला तर कप्प्याची गरज उरते का?

चेंबरला_पॅकिंग

अ‍ॅक्युम्युलेटर कप्प्याच्या जोडीला. तो काही सेकंद तेल देतो आणि रिकामा होतो. पाठोपाठ दुसरं वळण आलं तर भरायलाही वेळ मिळत नाही. आधी कप्पा करा, गेज बघा, अजूनही पडत असेल तर लावा. त्याचा खरा फायदा स्टार्ट करताना आहे, फिरायच्या आधी बेअरिंगला तेल पोचतं.

मायक्रॉन

तेल. एसएई ४० ग्रेड म्हणजे १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स, ५० म्हणजे १६.३ ते २१.९, ६० म्हणजे २१.९ ते २६.१. पण हे आकडे १०० अंशांचे. १४ चं तेल १२५ अंशांना ८ च्या आसपास येतं, १८ चं १० च्या आसपास. म्हणजे तापलेलं ५० हे थंड राखलेल्या ४० पेक्षा पातळ. तुमच्याकडे तापमानाचं मीटरच नाही, तेव्हा ६० वर जायचा निर्णय आंधळा आहे. ड्रेन बोल्टच्या जागी सेन्सर बसवा. ९० ते ११० चांगलं, १२० ला दोन लॅप हळू, १३० ला पिटमध्ये.

जास्त निघालं तर कूलर, सोबत थर्मोस्टॅटवाली फिल्टर प्लेट. पाइपचा आतला व्यास १२ मिमीच्या खाली नको आणि काटकोनी जोड शक्यतो टाळा, नाहीतर कूलरच अडथळा होतो. मग चांगलं सिंथेटिक १०डब्ल्यू-५० किंवा ५डब्ल्यू-५० पुरेल. जाड तेलाने गेज वर जातो तो तेल वाहत नाही म्हणून. आणि थंडीत सकाळी २०डब्ल्यू-६० वर इंजिन रेव्ह केलं तर फिल्टरचा बायपास उघडतो, न गाळलेलं तेल सरळ बेअरिंगला.

डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतोय का तेही पाहा. नवीन मॅप रिच असेल तर पेट्रोल तेलात मिसळून ते पातळ करतं, ग्रेड कुठलीही असो.

लेथ_आणि_चहा

माझ्याकडून दोन गोष्टी, दोन्ही स्वच्छतेच्या.

ब्लॉकच्या गॅलरीचे सगळे प्लग काढायला लावा. ग्राइंडिंग-होनिंगची एमरी तिथे बसते आणि नुसत्या रॉकेलने निघत नाही, रॉकेल फक्त तेल धुतं. गरम पाणी, कपड्याची पावडर, आणि बाटली धुवायचा लांब बारीक ब्रश. क्रँकच्या प्रत्येक भोकातूनही ब्रश आरपार. पांढरं कापड ओढून पाहा, करडं निघायचं थांबेपर्यंत परत. मग कॉम्प्रेसरची हवा आणि लगेच तेल, नाहीतर तासाभरात गंज.

प्लग परत लावताना टेफ्लॉन टेप नको, तिचा तुकडा गॅलरीत गेला की एखाद्या मेनचं भोक बंद. थ्रेड सीलंट दोन थेंब, पहिला आटा कोरडा सोडून. प्लग मूळच्याच लांबीचा हवा. लांब प्लग आत जाऊन आडवी गॅलरी झाकतो, आणि हे इंजिन जुळल्यावर कुठूनही दिसत नाही.

घाटमाथा_१३००

शेवटचं विचारतो. पंप जुनाच ठेवू का? आणि पहिल्यांदा स्टार्ट करताना काय काळजी?

मायक्रॉन

पंप उघडा, गिअरवर सरळ पट्टी ठेवून फीलर घाला. बाजूचा क्लिअरन्स ०.१५ मिमीच्या वर असेल तर बदला. झाकणावर गिअरच्या गोल रेघा नखाला लागत असतील तर काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर, थोडं तेल, आणि झाकण आठच्या आकड्यात घासा, रेघा जाईपर्यंत. जोडताना गिअरमध्ये साधं व्हॅसलीन गच्च भरा. ते पहिल्या फेऱ्यांना हवा अडवतं आणि गरम झालं की तेलात विरघळतं. ग्रीस नको, ग्रीस तसं विरघळत नाही.

स्टार्टच्या वेळी फिल्टर तेलाने भरून लावा. स्पार्क प्लग काढा, इग्निशन आणि इंजेक्टरचे सॉकेट काढा. स्टार्टर १० सेकंद, मग अर्धा मिनिट थांबा, असं गेज हलेपर्यंत. पाच-सहा वेळात हललं नाही तर स्टार्टर मारत बसू नका, पंप किंवा स्ट्रेनरची ओ-रिंग उघडा. गेज हलल्यावर अजून दोनदा फिरवा, कारण गेज गॅलरीत आहे आणि ३ नंबरची पिन त्याच्या बरीच पुढे आहे. मग प्लग लावून चालू करा. तेल गरम झालं की बंद करून फिल्टर काढा, कापा, आणि घड्या उन्हात धरून बघा.